उशिराचा बट्टा

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे कुणी रागाने म्हणत नाही. म्हणणारा हसतो, ऐकणारा हसतो, आणि ज्या टेबलापाशी ती म्हटली जाते तेथला कारकूनही मान हलवून हसतो. पावसाळा चार महिन्यांचा, तसे सरकारी काम सहा महिन्यांचे. त्याला कुणी काय करायचे, अशी एक समजूत त्या हसण्यामागे असते. काही म्हणी अन्याय सांगण्याऐवजी तो अंगवळणी पाडतात, त्यांतलीच ही एक. सहा महिने थांबणे ज्याला परवडत होते अशा एखाद्या सुखवस्तू गृहस्थाने ती प्रथम उच्चारली असावी, असे मला पुष्कळदा वाटते.

हा विचार मनात येण्याचे कारण कॉलेजात शिकणाऱ्या गरीब मुलांच्या शिष्यवृत्त्या. मी शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॉलेज मी बाहेरूनच पाहिले. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मुले चांदवडच्या, मनमाडच्या, नाशिकच्या कॉलेजांत जातात, आणि अर्जातले एखादे कलम उमगले नाही की प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. शिष्यवृत्ती मिळाली का, असे विचारले तर ‘नाही’ असे कुणीच सांगत नाही. ‘मंजूर झालीय, येणार आहे’ हे उत्तर ठरलेले. गेली कित्येक वर्षे मी हे उत्तर ऐकतो आहे, आणि त्यातून एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आहे: ठरलेली रक्कम पुरी दिली, पण उशिरा दिली, तर ती दिली असे म्हणावे काय?

हिशेबनिसाला विचाराल तर तो म्हणेल, अर्थात दिली. त्याच्या वहीत येणे तितकेच देणे आहे, खाते चुकते झाले आहे. उशीर ही काही रक्कम नव्हे, त्यामुळे तो वहीत कुठेच दिसत नाही. नेमके हेच मला पटत नाही.

आमच्या चांदवडला जुन्या पैशाच्या व्यवहाराची एक आठवण चिकटलेली आहे. अहिल्याबाईंचा रंगमहाल पाहायला लोक येतात; पण येथे होळकरांची टांकसाळही होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या टांकसाळीतला चांदवडी रुपया दूरदूरच्या बाजारांत चालत असे. त्या काळी नाण्यांचे नाना प्रकार होते, आणि एका टांकसाळीचे नाणे दुसऱ्या बाजारात द्यायचे तर सराफ त्यावर बट्टा कापून घेई. रुपया हातात रुपयाच असे, पण बाजारात त्याचे पंधरा आणे होत. हा बट्टा कोण सोसतो, ह्यावर त्या काळचे अर्धे तंटे चालत. शिष्यवृत्तीचेही असेच आहे. जून महिन्यात देय झालेला रुपया पुढच्या मार्चमध्ये, किंवा त्याच्याही पुढच्या मार्चमध्ये हाती येतो, तेव्हा त्याच्यावर बट्टा बसलेला असतो. तो सरकार सोसत नाही आणि कॉलेजही सोसत नाही. तो सोसायचा त्या मुलाने, नि त्याच्या मागे त्याच्या आईबापांनी.

तो कसा सोसला जातो ते आमच्या भागात डोळ्यांनी दिसते. ज्याच्याकडे एखादा एकर आहे तो उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवतो. पावसाळा उतरता भाव सुधारेल ही आशा. पण प्रवेशाचे पैसे जूनमध्ये हवे असतात, म्हणून तो कांदा पडत्या भावात मार्केटला जातो. पुढे भाव चढला तर तो फरक म्हणजे बट्टा. ज्याच्याकडे एकरही नाही तो मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढचा हंगाम त्याच्या शब्दाला बांधून देतो. मुलगी कॉलेजच्या ऐन परीक्षेच्या दिवसांत आईबरोबर द्राक्षबागेत विरळणीला जाते. कुठे आईच्या गळ्यातली पोत सराफाकडे जाते. ह्यातले काहीही शिष्यवृत्तीच्या कोणत्याच रकान्यात नोंदले जात नाही. दोन वर्षांनी रक्कम जमा झाली की हिशेब पुरा जुळतो. चाळीतला कांदा, गळ्यातली पोत आणि बुडालेला पेपर तेवढे हिशेबाबाहेर राहतात.

आता हा उशीर होतो तरी कसा? जून-जुलैत प्रवेश होतात. शिष्यवृत्तीच्या मुलांकडून शुल्क आगाऊ मागू नये, अशा शासनाच्या सूचना वेळोवेळी निघतात. आणि ‘सध्या भरा, आली की परत घ्या’ हे खिडकीतले वाक्यही वेळोवेळी ऐकू येते. मग महाडीबीटी नावाच्या पोर्टलवर अर्ज. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका, मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे निराळे पत्र. ओटीपी बापाच्या मोबाइलवर येतो आणि बाप त्या वेळी कांद्याच्या वाफ्यात असतो. अर्ज कॉलेजच्या कारकुनाकडून प्राचार्यांकडे आणि तेथून जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे चढतो. एखाद्या पायरीवर ‘त्रुटी’ निघाली की खाली येतो नि पुन्हा चढू लागतो. त्यात शाळा-कॉलेजचे वर्ष सुरू होते जूनमध्ये, आणि तिजोरीचे वर्ष संपते मार्चमध्ये. मुलाचे वर्ष संपत आले की मग तिजोरीला घाई सुटते.

अनुसूचित जातींच्या मुलांची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती ह्यांत सर्वांत जुनी. ती १९४४ साली सुरू झाली, डॉ. आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. तिच्याविषयी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मोठा निर्णय घेतला. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये. साठ टक्के भार केंद्राचा, चाळीस टक्के राज्यांचा. आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँकखात्यात. रक्कम खरोखर मोठी होती, हेतूही चांगला होता. पण केंद्राचा वाटा सुटायचा तो राज्याने आपला वाटा सोडल्यावर. लग्नघरी दोन मानकरी एकमेकांना ‘आधी आपण’ म्हणत उभे राहावेत आणि मागे पोरांची पंगत खोळंबावी, तशी ही व्यवस्था. शिवाय एका शिष्यवृत्तीचे आता दोन तुकडे झाले. एक आला तर दुसरा येत नाही, आणि कॉलेजला तर पुरे शुल्क हवे असते. कॉलेजांचीही बाजू आहे. विनाअनुदानित कॉलेजातली प्राध्यापकमंडळी ह्याच पैशातून होणाऱ्या पगाराची वाट पाहत असतात. वाट पाहणाऱ्यांची ही साखळी लांबच लांब आहे; सर्वांत दुबळा दुवा कोणता हे सांगायला नको.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. वार मिळत तो बहुधा ब्राह्मणाच्या मुलाला. बाकीच्यांना त्या ओसरीची पायरीही चढता येत नसे. आणि ज्याला वार मिळे त्यालाही यजमानीणबाईंच्या कपाळावरची आठी पाहून घास गिळावा लागे. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट राहते. मंगळवारचे जेवण मंगळवारी मिळत असे. उपकाराला वार ठरलेला होता. आपण ती ओसरी मोडली, उपकाराच्या जागी हक्क आणला, आणि तो सर्व जातींच्या मुलांसाठी आणला, हे फार मोठे काम झाले. मात्र हे करताना तो वार कुठे तरी हरवला. उपकार वेळेवर यावा आणि हक्काने मात्र उशिरा यावे, ह्यापेक्षा हक्काची अधिक थट्टा कोणती?

सयाजीराव महाराजांनी तरुण भीमरावांना दिलेल्या शिष्यवृत्तीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन कॉलेजातल्या शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. पुढे १९१३ साली अमेरिकेला जाताना दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांपर्यंत. ही गोष्ट सांगताना आपण पंचवीस हा आकडा सांगतो, साडेअकरा सांगतो; मला मात्र त्यातला ‘दरमहा’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. भूक दरमहा लागते, खोलीचे भाडे दरमहा द्यावे लागते. गंमत अशी की, १९४४ च्या त्या योजनेतला निर्वाहभत्ताही अलीकडेपर्यंत दरमहाच्या हिशेबाने सांगितला जाई: अभ्यासक्रमाप्रमाणे महिना २३० पासून १२०० रुपयांपर्यंत. २०२१ च्या नव्या नियमांत तो वर्षाला २५०० पासून १३,५०० रुपये झाला. रक्कम थोडी वाढलीच, कमी झाली नाही. पण ‘दरमहा’ हा शब्द नियमातूनच गेला. पूर्वी तो पाळला जात नव्हता हे खरे. तरी पाळला जात नाही हे दाखवायला तो कागदावर तर होता!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ह्या प्रश्नाचे वेगळे उत्तर काढले. वसतिगृहात मुले ठेवायची, मुलांनी कष्ट करायचे, धान्य गावोगावहून जमवायचे. धान्य संपले, पैसा कुठून यायची आशा नाही, अशा वेळी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही कथा आपण त्यागाची म्हणून मुलांना शिकवतो. मीही वर्गात तशीच शिकवतो, नि मुले डोळे पुसतात. पण तीत एक सरळ व्यवहारी विचारही आहे. वसतिगृहातल्या पोरांना ‘मदत मंजूर झाली आहे, येणार आहे’ असे त्या सांगू शकत नव्हत्या, कारण पोरे पंगतीला बसली होती. बट्टा कुणाला तरी भरणे भाग होते; तो मुलांवर पडू द्यायचा नाही एवढेच त्यांनी ठरवले. आज पोर्टलमागे पंगत दिसत नाही. ती दिसत असती तर मार्चअखेरची वाट किती जणांना पाहवली असती?

ह्यावर कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही भावनेत वाहता. जनतेचा पैसा आहे, तपासून नको का द्यायला? जरूर तपासावा. शिष्यवृत्तीच्या नावाखाली खोटे विद्यार्थी दाखवून पैसे उचलल्याची प्रकरणे आपल्या राज्यात निघाली, चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले, हे काही फार जुने नाही. त्या चोरांनी सरकारी तिजोरीइतकेच खऱ्या विद्यार्थ्यांचेही नुकसान केले. त्यांच्या पापामुळे खऱ्या मुलाच्या अर्जाला आणखी दोन पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न इतकाच की, तपासणीला लागणारा वेळ कुणाच्या खर्चाने जायचा? आम्हा शिक्षकांचा पगार आठ दिवस लांबला तर शिक्षकखोलीत दुसरा विषय निघत नाही. संघटनेचे निवेदन जाते, वर्तमानपत्रात बातमी येते. आमचीही बिले तपासली जातातच. पण तपासणी आमच्या तारखेच्या आत उरकावी लागते.

देण्याला तारीख असावी, हे आपल्या कायद्यालाही ठाऊक नाही असे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्याला चौदा दिवसांत उसाचे पैसे द्यायला लावले, आणि उशीर झाल्यास सालीना पंधरा टक्के व्याज. ते व्याज किती शेतकऱ्यांच्या हाती पडले हा वेगळा विषय, परंतु उशीर हे एक देणे आहे हे तत्त्व तेथे लिहून ठेवले आहे. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी, नाही तर भरपाई, अशी तरतूद होती. उसाला चौदा दिवस, मजुरीला पंधरा. शिष्यवृत्तीला किती? तेथे ठळक अक्षरांत असते ती विद्यार्थ्याने अर्ज करण्याची शेवटची तारीख. ती त्याच्याकडून चुकली तर त्याचे वर्ष बुडते. देणाऱ्याची तारीख चुकली तर देणाऱ्याचे काय बुडते?

उसाला आणि मजुरीला जे दिले ते शिष्यवृत्तीला का नाही, ह्याचे कारण मला एकच दिसते. ऊस ही वस्तू आहे, मजुरी हा घामाचा मोबदला आहे. ते देणे आहे असे आपल्याला मनापासून वाटते. शिष्यवृत्ती मात्र कागदावर हक्क असली तरी मनात अजून दानच आहे. आणि दान देणाऱ्याला तारीख विचारणे आपल्याकडे असभ्यपणाचे समजतात.

ह्या सर्वांत खलनायक शोधायला जावे तर सापडत नाही. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून हे मला विशेष जाणवते. सावकार रंगवता येतो, लाचखाऊ कारकून रंगवता येतो. पण येथे जो तो आपापले काम नियमाप्रमाणे करीत आहे. कारकुनाने त्रुटी काढली ती बरोबर होती, प्राचार्यांची सही आठवडाभर राहिली कारण ते परीक्षेच्या कामात होते, कोषागारात बिल अडले ते निधी नव्हता म्हणून. दोष इतक्या हातांत वाटला जातो की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभरही येत नाही. पण मुलाच्या वाट्याला आलेला त्रास मात्र अखंड असतो, त्याचे काही असे तुकडे झालेले नसतात. पापाचा धनी सापडत नाही म्हणून पाप झालेच नाही असे मानायची आपल्याला सवय लागली आहे.

आणि पैशाच्या पलीकडचा एक तोटा आहे, ज्याविषयी मला लिहिणे जड जाते. परीक्षेचा फॉर्म अडला, दाखला अडला, की मूल कुणाच्या तरी दारी जाते. कधी माझ्याही. मास्तराच्या खिशातून कितीसे निघणार? कधी पाचशे, कधी हजार. त्यावर ते मूल पाया पडते, त्याची आई सणाला पुरणपोळीचा डबा पाठवते, बाजारात बाप चारचौघांत हात जोडतो. ही कृतज्ञता माझी नव्हे. त्या मुलाने कुणापुढेही हात जोडू नयेत म्हणून तर शिष्यवृत्ती निघाली होती. ती उशिरा आल्याने हक्काचे रूपांतर माझ्या भलेपणात होते, आणि त्या भलेपणाचे पुण्य मला फुकट मिळते. कुठे मास्तर, कुठे मुकादम, कुठे गावचा पुढारी. उशीर जितका वाढतो तितके हे दाते वाढतात. निवडणुकीच्या वेळी ह्यातले काही दाते आपली वही उघडतातही. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो, पण त्या तीन वर्षांत मान खाली घालण्याचे शिक्षणही त्याचे पुरे झालेले असते.

रक्कम किती लहान असते ह्यावर जाऊ नये. २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, शिकायला जाणारी मुलगी एसटीच्या पाससाठी लागणारे २६० रुपये घरात नाहीत म्हणून जीव देऊन मोकळी झाली. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना पास मोफत करण्यात आला. २६० रुपये ही रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकात कुठे दिसणारही नाही. परंतु त्या दिवशी, त्या घरात, तिची किंमत वेगळी होती. पैशाला तारीख असते ती अशी.

दोन वर्षांमागे पोळ्याच्या सुमारास एक गृहस्थ माझ्याकडे आले. दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी; बारावीनंतर नाशिकला एका कॉलेजात गेली होती. पहिले वर्ष तिने पुरे केले, दुसऱ्या वर्षी खोलीचे भाडे आणि शुल्क थकले नि दिवाळीनंतर ती परत गेलीच नाही. कांद्याच्या खळ्यावर निवडीच्या कामाला लागली. आणि आता, तिने कॉलेज सोडल्याला वर्ष होत आल्यावर, बँकेचा संदेश आला होता. बापाने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“गुरुजी, हे पैसे चुकून तं नाही ना आले? पोरगी तं आता शिकत नाही. परत करायचे असले तं कुठं करायचे, तेवढं सांगा.”

मी तारखा पाहिल्या. रक्कम पहिल्या वर्षाची होती. मुलीने पुरे केलेल्या वर्षाची. ते पैसे तिचेच आहेत, परत करायची गरज नाही, असे मी सांगितले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले, मग बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिले.

“म्हणजे हे तेव्हाचे पैसे आहेत,” ते म्हणाले.

मी हो म्हटले. निम्मे मुकादमाच्या उचलीत गेले, हे मला मागाहून कळले. उरलेल्यांचे त्यांनी काय केले ते मी विचारले नाही. मुलगी अजून खळ्यावरच आहे.